दगडी चेहऱ्यासमोरची खुर्ची

मित्रांनो, मी जुनी आहे हे मला मान्य आहे. मोडकी आहे हे मला अजिबात मान्य नाही. माझा डावा पाय आखूड आहे, पण तो जन्मापासूनच आखूड आहे. त्याचं खापर म्हातारपणावर फोडू नका. मी लाकडाची बाळखुर्ची आहे. मान सावरायला लागलेल्या, पण आपलं आपण बसता न येणाऱ्या बाळांसाठी मला घडवलं. माझ्या अंगावर आजवर जितकी लाळ सांडली, तितकं पाणी आमच्या ग्रीक बंदरातल्या काही होड्यांनीही पाहिलं नसेल.

मला घडवलं ते बार्बा-स्त्रातिस नावाच्या होड्या बांधणाऱ्या सुतारकाकांनी. एका मासेमारी होडीचं तुतीचं लाकूड त्यांच्या आवारात उरलं होतं. मुलांच्या इस्पितळातल्या डॉक्टर कानेल्लोसना खुर्ची हवी होती आणि काकांना ते लाकूड वाटेतून हलवायचं होतं. अशा उदात्त हेतूंतून माझा जन्म झाला. काकांचा हात होड्यांना सरावलेला, त्यामुळे माझी पाठ होडीच्या टोकासारखी गोल आली. शेवटी त्यांनी मला निळा रंग दिला आणि दृष्ट लागू नये म्हणून पाठीवर एक डोळा काढला.

डॉक्टर मला बघून म्हणाले, "काका, मी खुर्ची सांगितली होती. हिला समुद्रात नाही सोडायचंय."

"पण सोडलीत तरी बाळ बुडणार नाही," काका म्हणाले आणि निघून गेले.

डॉक्टरांनी त्याच दिवशी मला करडा रंग फासला. निळ्या रंगाने बाळाचं लक्ष विचलित होतं म्हणे. डोळाही गेला. मी काही बोलले नाही, कारण खुर्चीला बोलता येत नाही अशी लोकांची समजूत आहे आणि ती मोडायची वेळ अजून आली नव्हती. पण सांगून ठेवते, करड्या रंगाखाली मी निळीच आहे. खरवडून बघा. बाळांनी पुष्कळदा बघितलंय.

माझं काम असं. बाळाला माझ्यात बसवायचं, पट्टा लावायचा. समोर स्टुलावर आई. आधी आईने बाळाशी हसायचं, बोलायचं, गाणी म्हणायची. मग घंटी वाजली की आईने एकदम दगडासारखा चेहरा करायचा. हसायचं नाही, बोलायचं नाही, हात लावायचा नाही. नुसतं बाळाकडे बघत राहायचं. थोड्या वेळाने पुन्हा घंटी, पुन्हा लाड. त्या मधल्या दगडी वेळात बाळ काय करतं हे दोन कॅमेरे टिपत, एक बाळाच्या तोंडाकडे रोखलेला आणि एक आईच्या.

बहुतेक बाळं आधी हसून बघतात. मग हात पुढे करतात, पाय झाडतात आणि शेवटी गळा काढतात. थोडक्यात, निषेध नोंदवतात. आईवर आपला हक्क आहे आणि तो आत्ताच्या आत्ता मिळाला पाहिजे, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. मला हा निषेध फार आवडायचा. एरवी त्या इस्पितळात डॉक्टरांसमोर कुणाचा आवाज चढत नसे.

हा प्रयोग दूरच्या देशातून आला होता. त्याच्यासोबत नियमांचं एक जाडजूड पुस्तक आलं होतं. डॉक्टर ते पुस्तक दोन्ही हातांनी उचलत, चर्चमध्ये पाद्री उचलतात तसं.

मग आली मिर्सिनी. विद्यापीठात मानसशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला होती आणि संशोधनाचा अनुभव घ्यायला आली होती. संशोधन म्हणजे पांढरा कोट आणि गहन विचार, असं तिला वाटलं होतं. तिच्या हाती दिलं ते फडकं. मला पुसायचं, पट्टा धुवायचा, आयांना कॉफी करून द्यायची, बाळ भुकेलंय का पेंगुळलंय ते बघायचं, घंटी वाजवायची आणि दुपारी टेपा बघून कोण हललं, कोण रडलं याच्या खुणा करायच्या. शिवाय एक मनाई होती. बाळांशी बोलायचं नाही, त्यांच्याकडे बघून हसायचं नाही. बाळ मदतनिसावरच खूश झालं तर आईच्या चेहऱ्याचा भाव पडेल, असं पुस्तकाचं म्हणणं.

हा नियम करणाऱ्याने आमच्या ग्रीसमधल्या आज्या पाहिल्या नव्हत्या. आमच्याकडे कुणी बाळाकडे मुकाट टक लावून बघितलं की आज्यांचा जीव खालीवर होतो. बघितलंत तर लगेच थुंकल्यासारखं करून 'फ्तू फ्तू फ्तू' म्हणायचं, म्हणजे दृष्ट लागत नाही. मिर्सिनी नियमाप्रमाणे नुसतीच बघायची.

"ए मुली, थुंक की!" एक आजी पहिल्याच आठवड्यात खेकसली.

"आजी, मला परवानगी नाही."

"थुंकायला परवानगी? हे इस्पितळ आहे का तुरुंग?"

तेव्हापासून मिर्सिनी पट्टा आवळायच्या निमित्ताने बाळाच्या मागे वाकायची आणि कॅमेऱ्याला न दिसेल असं हळूच फ्तू फ्तू करून घ्यायची. ते सगळं माझ्या पाठीवर यायचं. पाठीवर आधी डोळा होता, आता हे. माझी तक्रार नाही. निदान कुणीतरी नियम मोडतंय याचं मला समाधान होतं.

ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत एकदा स्तामातिया आली. धक्क्यावर मासळी विकणारी, नवरा मालवाहू बोटीवर. कडेवर सहा महिन्यांची मुलगी आणि मागे सासू, पोलिक्सेनीबाई. मुलीचा बाप्तिस्मा व्हायचा होता, त्यामुळे तिला नाव नव्हतं. तोवर आमच्याकडे सगळ्या मुली नुसत्या 'बेबा' असतात. पहिल्या मुलीला बापाच्या आईचं नाव द्यायची रीत, म्हणून पोलिक्सेनीबाई नातीकडे आपल्याच मालाची दुसरी खेप म्हणून बघत होत्या. आणि माल त्यांच्या पसंतीला उतरत नव्हता.

"पोर रडतच नाही," त्या मिर्सिनीला सांगू लागल्या. "आईवर गेलीय. आई दिवसभर बर्फातल्या माशांत, पोरही तशीच गार."

"आई, पुरे," स्तामातिया म्हणाली.

"मी खोटं सांगते? माझा लेक रडायला लागला की अख्ख्या डोंगरातली कुत्री भुंकायची. ह्याला म्हणतात मूल!"

बेबाला माझ्यात बसवलं. आईने गाणं म्हटलं, बेबा खिदळली. घंटी वाजली. स्तामातिया दगड झाली. बेबा पुढे झुकली, हसून बघितलं, दोन्ही हात पुढे केले, "अं... अं" केलं. मी माझे पाय घट्ट रोवले, म्हटलं आता होऊ दे.

काही झालं नाही. बेबा शांत झाली आणि आपल्या मोज्याशी खेळू लागली. मधूनच आईकडे बघायची, "अं" करायची, पुन्हा मोज्याकडे वळायची. गळा काढणं नाही, लाथ नाही. खरं सांगते, मला अपमान झाल्यासारखं वाटलं.

डॉक्टर दुपारी टेप बघून म्हणाले, "आई उत्तम. पुतळा! पण मूल बघ. दोनदा मागितलं आणि सोडून दिलं. या मुलीने आईकडून आशाच सोडलीय. मायलेकींचा जिव्हाळा कच्चा आहे. गुरुवारी बोलावून त्यांना सांगू आणि त्यांच्या भागातल्या दवाखान्यालाही कळवू."

मिर्सिनीनेही तीच टेप बघून 'आई स्थिर' अशीच खूण केली होती.

सासू-सुना बाहेर बसची वाट बघत बसल्या होत्या. डॉक्टरांनी गुरुवारी या, एवढंच सांगितलं होतं. पण सासूबाईंना तेवढं पुरलं.

"काहीतरी खोट निघाली असणार. उगाच कशाला बोलावतील?" त्या म्हणाल्या. "हे बघ, डॉक्टरांच्या तोंडून एकदा आलं की वाद नको. पोर माझ्याकडे डोंगरातल्या घरी राहील. तू सुखाने मासे वीक. रविवारी येऊन बघून जात जा."

स्तामातियाने बेबाला छातीशी इतकं घट्ट धरलं की बेबाची टोपी डोळ्यांवर आली.

दार उघडं होतं, मला सगळं दिसत होतं. मिर्सिनी किटली घेऊन त्यांच्यापाशी गेली. "कॉफी देऊ?" तिने स्तामातियाला विचारलं. स्तामातियाचं तोंड उघडलं नाही, मान हलली नाही. मिर्सिनी "बरं" म्हणून परत फिरली. उंबरठ्यावर आली आणि तिथेच खिळली.

"मला कसं कळलं, तिला नकोय ते?" ती स्वतःशीच म्हणाली.

मित्रांनो, आमच्याकडे 'नाही' म्हणायला कुणी मान हलवत नाही. भुवया जराशा वर उचलल्या की झालं. कुणी सोबत जिभेचा टच्च आवाज करतं, तोही अंगात उत्साह असला तर. दुकानदार असंच सांगतो, पाव संपले. बसवाला असंच सांगतो, जागा नाही. त्याला आम्ही हालचाल समजतच नाही, श्वास घेण्याला कोणी हालचाल म्हणतं का? त्या जाड पुस्तकात हसणं होतं, बोलणं होतं, मान डोलावणं होतं. भुवई नव्हती, कारण ते लिहिणाऱ्यांच्या देशात भुवई काही बोलत नाही. आणि आमच्या लोकांना ती दिसली नाही, कारण आमच्याकडे ती सारखीच बोलत असते.

मिर्सिनी टेपेकडे धावली. या वेळी तिने स्तामातियाचं फक्त कपाळ बघितलं. बेबाने हात पुढे केले. आईच्या भुवया किंचित वर. नाही गं, आत्ता नाही. बेबा शांत. बेबा पुन्हा म्हणाली, "अं", पुन्हा भुवया. थांब. बेबा पुन्हा मोज्याकडे. मायलेकींची छान बोलणी चालली होती आणि आम्ही सगळे त्यालाच जिव्हाळ्याचा अंत म्हणत होतो. स्तामातियाला स्वतःलाही पत्ता नव्हता. ती बिचारी मनापासून दगड झाली होती.

मिर्सिनीने डॉक्टरांना ओढत आणून टेप दाखवली.

"बघा, हलली."

"कुठे हलली?"

"आत्ता तिने काय केलं?"

"नाही म्हणाली."

"मग?"

"मग काय? नाही म्हणाली. पण हलली कुठे?"

मला हसता येत असतं तर त्या दिवशी माझे खिळे निसटले असते.

मिर्सिनी मात्र हसली नाही. "डॉक्टर, बाळाला उत्तर मिळत होतं. म्हणून ते रडलं नाही. त्याने आशा सोडलेली नाही, त्याने आईचं ऐकलंय!"

"पुस्तकात भुवई नाही."

"पुस्तकवाल्यांना नाही म्हणायला अख्खी मान लागते. आपल्याला लागत नाही."

"मिर्सिनी," डॉक्टर संथपणे म्हणाले, "तिसऱ्या वर्षाने खुणा करायच्या असतात. मतं चौथ्या वर्षापासून."

"मग बेबाला सांगू का, तोवर आजीकडे राहा म्हणून? त्या सासूबाई तिला उचलून न्यायला टपल्यात. तुमच्या एका वाक्याची वाट बघतायत."

"घरगुती भानगडींशी विज्ञानाचा संबंध नाही. गुरुवारी मी त्यांना सांगणार. आणि तू उद्यापासून आली नाहीस तरी चालेल."

"उद्या नाही येत," मिर्सिनी म्हणाली. "गुरुवारी येते."

गुरुवारी स्तामातिया चर्चला जायचे कपडे घालून आली होती, जणू कपड्यांवरून कुणी तिला चांगली आई म्हणणार होतं. पोलिक्सेनीबाईंच्या हातात पिशवी होती. पिशवीतून बेबाची दुपटी आणि बाटली डोकावत होती. स्तामातिया त्या पिशवीकडे बघायचं टाळत होती.

डॉक्टरांनी घसा साफ केला. तेवढ्यात मिर्सिनी मला छातीशी कवटाळून आत आली आणि तिने मला खोलीच्या मधोमध आदळलं. मी रागावले नाही. काही वेळा आदळावंच लागतं.

"सांगण्याआधी एकच करा, डॉक्टर. दगडी चेहरा कसा करायचा ते यांना एकदा करून दाखवा. आयांना तुम्हीच शिकवता ना?"

"ही वेळ आहे का?"

"अहो, करून दाखवा की," पोलिक्सेनीबाई म्हणाल्या. "आम्हालाही बघू दे."

डॉक्टरांना कुणी करून दाखवा म्हटलेलं फार आवडायचं. ते स्टुलावर बसले. बेबाला माझ्यात बसवलं. घंटी वाजली आणि डॉक्टरांचा चेहरा असा थिजला की बंदरावरच्या चौकातल्या सेनापतीच्या पुतळ्यानेही लाजावं. बेबाने त्यांना निरखलं, मग चष्म्याकडे हात केला.

मिर्सिनी मागून हळूच म्हणाली, "डॉक्टर, चष्मा देऊ का तिला?"

डॉक्टरांच्या भुवया वर गेल्या. बेबाने हात मागे घेतला.

"पोलिक्सेनीबाई, डॉक्टर हलले का हो?" मिर्सिनीने विचारलं.

"छे! जराही नाही. नुसतं नको म्हणाले."

"मी हललो नाही!" डॉक्टर ओरडले.

"नाहीच हललात," पोलिक्सेनीबाई त्यांची बाजू घेत म्हणाल्या. "नको म्हणालात, आणि पोरीने ऐकलं. शहाणी आहे." आणि मग त्यांनी हातातली पिशवी खाली ठेवली. आपण आत्ता काय बोललो, हे त्यांचं त्यांनाच ऐकू आलं असावं.

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"चिकटपट्टी आण," शेवटी ते म्हणाले.

मिर्सिनीने स्तामातियाच्या दोन्ही भुवयांवर आडवी चिकटपट्टी लावली, म्हणजे भुवई उचलायला गेली की ताण बसून तिचं तिला कळेल. "आणि नाही रडली तर?" स्तामातियाने विचारलं.

"तर मी तुमच्याबरोबर बाहेर पडेन," मिर्सिनी म्हणाली. "पण आधी बघू तर."

गाणं झालं. घंटी वाजली.

बेबा हसली. उत्तर नाही. हात पुढे केले. उत्तर नाही. "अं?" तिने विचारलं आणि आईच्या कपाळाकडे बघितलं. ते कपाळ बंद होतं. बेबा जराशी थांबली. तिचा खालचा ओठ बाहेर आला. मग तिने एक पाय मागे घेतला आणि मला असा दणका दिला की मी आखूड पायावर डुलले. मग दुसरा. पाठ कमानीसारखी वाकवून तिने पट्टा ताणला आणि गळा काढला. मित्रांनो, मी पुष्कळ रडणी ऐकलीत. हे रडणं नव्हतंच. ही तक्रार होती, तीही थेट वरच्या कार्यालयात. 'आई, मी नीट बोलत होते, रोज तू उत्तर देतेस, आज काय झालं तुला?' खिडकीच्या काचा वाजू लागल्या. शेजारच्या वॉर्डातल्या चार बाळांनी पाठिंबा जाहीर केला.

स्तामातियाच्या गालांवरून पाणी वाहत होतं, पण चेहरा तिने मोडला नाही. घंटी मिर्सिनीच्या हातातच होती, आणि ती वाजवायच्या आधीच पोलिक्सेनीबाई पुढे झेपावल्या.

"बास! मेल्यांनो, पोरीचा जीव घेता?" त्यांनी माझा पट्टा उपटला आणि बेबाला उचललं. "फ्तू फ्तू फ्तू! काय आवाज, काय आवाज! ऐकलात? अगदी माझा!"

पण बेबाला त्यांचा आवाज नको होता. ती त्यांच्या खांद्यावरून अर्धीअधिक बाहेर लोंबकळली, दोन्ही हात आईकडे, आणि दर श्वासाला आणखी मोठ्याने ओरडली. पोलिक्सेनीबाईंनी तिला थोपटलं, हलवलं, गोंजारलं. काही उपयोग झाला नाही. शेवटी त्यांनीच तिला आईच्या हातात दिलं. बेबाने आईच्या कपाळावरची चिकटपट्टी मुठीत धरून ओढली आणि गप्प झाली.

"डॉक्टर," पोलिक्सेनीबाई जरा वेळाने म्हणाल्या, "तुम्ही काहीतरी सांगणार होतात."

"मुलगी निरोगी आहे," डॉक्टर म्हणाले. "आईशिवाय तिला एक मिनिटही चालत नाही."

"ते दिसलं," पोलिक्सेनीबाई म्हणाल्या. त्यांनी पिशवी उचलली आणि सुनेला म्हणाल्या, "चल, धक्क्याकडची बस येईल. ही दुपटी तुझ्याकडे कुठे ठेवायची ते दाखव."

डॉक्टरांना सगळ्या टेपा पहिल्यापासून बघाव्या लागल्या. मिर्सिनीला त्यांनी परत बोलावलं नाही; ती आपणहून आली आणि भुवया मोजत बसली. त्यांचा शोधनिबंध छापून आला तेव्हा त्यात 'एका मदतनिसाच्या लक्षात आलं' एवढंच होतं. मिर्सिनी निबंध घेऊन सरळ त्यांच्या खोलीत गेली. "डॉक्टर, मी बेबा नाही. माझा बाप्तिस्मा झालाय." पुढच्या निबंधावर तिचं नाव होतं.

मला काय मिळालं? परदेशातून एक पांढरी प्लास्टिकची खुर्ची आली आणि मला बाहेरच्या बोळात ठेवण्यात आलं. येणारे-जाणारे म्हणतात, "बिचारी." मी बिचारी नाही. नवीन खुर्ची लाथ मारली की सरकते. मला लाथ मारली की मी तिथेच राहते.

तेव्हा माझं थोडं ऐका. बसमध्ये, लग्नात, देवळात कुणाचं मूल गळा काढायला लागलं, तर त्याच्या आईकडे तोंड वाकडं करून बघू नका. मागितलं की मिळतं हे त्याला ठाऊक आहे, म्हणून ते ओरडतंय. आणि एखादं मूल गप्प असलं तर निकाल द्यायची घाई करू नका. तुम्हाला दिसत नाही असं उत्तर त्याला मिळत असेल. तुमच्याकडेही कधी कुणी दगडी चेहऱ्याने बघत बसलं, तर मोज्याशी खेळत बसू नका. लाथ मारा.

आणि माझी कीव करू नका. सध्या माझ्यावर कुणीतरी तुळशीची कुंडी ठेवलीय, तिला रोज पाणी घालतात आणि ते माझ्यात मुरतं. ती कुंडी आधी खाली ठेवा. मी खुर्ची आहे. माझ्यावर मूल बसवा. रडकं असलं तर फारच छान.